चार पाणी

भिंतीला लोणा लागलाय, म्हटलं,
तर वेलजीभाईंनी वाक्य संपायच्या आत
डबा पिशवीत घातला.
वॉटरप्रूफ. दोन हात मारा.
दहा वर्षांची ग्यारंटी, तोंडी.

मी शिवणकाम करणारी बाई.
मशीन भिंतीला टेकून,
आणि भिंत दिवसभर पाठीमागं पीठ गाळते.
चोगल्यांच्या सुनेच्या काळ्या ब्लाऊजवर
खांद्याला पांढरं उतरलं, तेव्हा ती म्हणाली,
कोंडा झालाय काय गो तुझ्या घराला?

दोन हात मारले. गणपतीपर्यंत टिकले.
मग रंगच फुगला पापडासारखा,
बोटानं दाबला की कुर्र.

तेव्हापासून विचारत सुटले.
हात वर करून मापाला उभ्या राहिलेल्या बायकांना,
टेप छातीभोवती असताना, जेव्हा कोणाला पळता येत नाही.
तलाठ्याची बायको म्हणाली, फरशी लाव कमरेपर्यंत,
दिसायचंच नाही.
घाग सर म्हणाले, केशाकर्षण,
आणि हवेत खडूशिवाय नळी काढली.
हर्णैच्या बंदरावर रज्जाक परकार
होडीच्या फटीत कापूस ठोकत होता.
तोंडातले खिळे काढून बोलला:
होडी सुकली की गळते, भिंत भिजली की सुटते.
माझा धंदा ओल्याचा, तुझं दुखणं सुक्याचं.
मला विचारू नको.

सगळ्यांत खरा सल्ला तोच वाटला,
आणि त्यात करण्यासारखं काही नव्हतं.

शेवटी धाकू आग्रे.
थापी आता मुलाच्या हातात, याच्या हातात काठी.
कलिंगड निवडावं तशी
मुठीनं भिंत वाजवत गेला या टोकापासून त्या टोकापर्यंत.
पांढरं बोटावर घेतलं, जिभेला लावलं.
थुंकला नाही.
खाडीची वाळू, म्हणाला.
मीठ बाहेरून आलेलं नाही, आतच राहायला आहे.
बांधली कोणी ही?

तुम्हीच.

बराच वेळ बघत राहिला भिंतीकडं,
लग्नात भेटलेल्या माणसाचं नातं आठवावं तसा.
मग म्हणाला, पण मी सांगितलं होतं,
चार पाण्यानं धुवा वाळू.
धुतली होतीत ना?

बावीस वर्षांपूर्वीचा मे. विहीर तळाला.
कातळावरनं घागर, पोटात सहावा महिना.
घमेल्यात वाळू, वर पाणी,
तांदूळ धुवावेत तसं
पहिलं गढूळ, दुसरं जरा कमी.
निवळ तर आहे, म्हटलं मी माझ्याशीच,
आणि संध्याकाळी यानं विचारलं तेव्हा
चार म्हटलं.
नवऱ्यालाही चारच सांगितलं होतं.
तो गेला, चार धरूनच.

दातात दोरा होता. तोडला.
दोनच, म्हटलं.

धाकू हसला नाही, चिडला नाही.
काठीनं भिंतीवर रेघ मारली.
इथपर्यंत गिलावा सोल. चिरा उघडा ठेव.
पुट्टी नको, रंग नको, सिमेंट तर नकोच नको.
गोड्या पाण्यात जुनं सुती भिजवून चिकटव,
सुकलं की काढ, मीठ त्यात येईल.
झाडू मार. परत चिकटव.

किती वेळा?

त्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं.

आता खोलीत तांबडा चिरा दिसतो, भोकाभोकांचा,
आणि चिंध्यांना माझ्याकडं तोटा नाही.
अस्तराचे तुकडे, उरलेल्या बाह्या, एक आखखं परकराचं घेर,
ओले लावते, दोन दिवसांनी कडक होऊन निघतात,
कडेला मिठाची बारीक किनार,
मी घालते त्याहून सरळ.

गिऱ्हाईक येतं, हात वर करतं, भिंत बघतं,
आणि सल्ला देतं.
मी छत्तीस लिहिते, हो म्हणते.

नळाला पाणी एक दिवसाआड.
काल धाकूचा मुलगा पाखाडीवरनंच ओरडला,
बाबा विचारतात, किती झाली?

तीन, म्हटलं.
तीनच झाली होती.